काकाकुवाच्या हयातीचा दाखला

१

बाराव्याच्या दिवशी सकाळी सुभद्राने पिंजऱ्यावरचं फडकं काढलं आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला. काकाकुवा दांडीवर नव्हता. तळाच्या कागदावर पाय आकसून तो आडवा झाला होता. शेजारच्या दाराची कडी वाजली तरी ताडकन उभा राहणारा त्याचा पिवळा तुरा मानेला चिकटून गेला होता.

परळच्या त्या गल्लीत बकुळाबाई मयेकरांची खानावळ ठाऊक नाही असा गिरणी कामगार सापडायचा नाही. दोन खोल्या बाईंच्या स्वतःच्या मालकीच्या, पुढे पडवी आणि पडवीत हा पांढराशुभ्र काकाकुवा. बाईंचा नवरा बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. त्याने सिंगापूरहून हे पाखरू आणलं आणि पुढच्या सफरीला गेला तो परत आलाच नाही. बाईंनी पाखराचं नाव राजा ठेवलं आणि पोटच्या पोरासारखं त्याला वाढवलं. तीस वर्षं तिन्ही पाळ्यांची माणसं त्या पडवीत जेवून गेली, आणि तीस वर्षं त्यांचा भात रांधला तो सुभद्राने. बाई छातीच्या दुखण्याने गेल्या त्याला आज बारा दिवस झाले होते. उद्या तेरावं, आणि उद्याच ठाकूरद्वारचे वकील सुखटणकर त्यांचं मृत्युपत्र उघडणार होते.

सुभद्रा तशीच अनवाणी जनावरांच्या दवाखान्यात पळाली आणि कुशाबा गमरेला घेऊन आली. कुशाबा तिथे बावीस वर्षं कंपाउंडर होता. व्हिक्टोरियाचे घोडे, गिरणीच्या गाड्यांचे बैल, मडमांची कुत्री, सगळी त्याच्या हाताखालून गेली होती. नुसत्या वासावरून तो निम्मी दुखणी ओळखायचा.

त्याने पाखरू उचललं, छातीला कान लावला, मग चोच उघडून हुंगली आणि त्याचा चेहरा उतरला.

"सुभद्राताई, घरात लसूण कुणी सोलला?"

"लसूण? सुतकात?" सुभद्राने डोळे पुसले. "बारा दिस कांदो नाय, लसूण नाय. दुसऱ्यांच्या घरचा आळणी जेवतंय. कुशाबादादा, मेलो काय ओ माझो राजा?"

टॉवेलात पाखरू गुंडाळून कुशाबाने पिशवीत ठेवलं आणि तो जवळजवळ धावतच निघाला. जाताना दारातून एवढंच म्हणाला, "पिंजऱ्याला कुणी हात लावू नका. ही करणी माणसाची आहे."

२

उंदरांसाठी गव्हाच्या पिठात एक काळं औषध मळून गोळ्या करतात. त्या औषधाला लसणासारखा वास येतो. दवाखान्यात आलेल्या कितीतरी मांजरांच्या तोंडाला कुशाबाने तो हुंगला होता.

दुपारी तो पडवीत परतला तेव्हा गल्लीने निकाल लावूनही टाकला होता. बाईंचा भाचा जगदीश उंदीर मारण्याच्या सरकारी खात्यात कामाला होता. बाईंना मूलबाळ नाही, म्हणजे घर भाच्याचं. घरापायी त्याने पाखरू मारलं, असं जो तो बोलत होता. घर जर त्याचंच होणार होतं तर पाखरू मारून त्याला काय मिळालं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

जगदीश पायरीवर डोकं धरून बसला होता.

"शपथ घेऊन सांगतो, मी नाही," तो म्हणाला. "गोळ्या माझ्या खात्याच्या, हे खरं. पण मी त्या सगळ्या गल्लीला वाटल्यात. इथे दिल्या, दगडूच्या खोलीत दिल्या, लालबागला आमच्या गावच्या मंडळाच्या गाळ्यातही दिल्या. आणि मी त्या पाखराच्या जवळही जात नाही. लहानपणी कान फोडला होता त्याने माझा."

"काल संध्याकाळी इथे कोण कोण होतं?"

"मी, दगडू आणि मंडळाचे रघुअण्णा. आजच्या स्वयंपाकाचं ठरवायला बसलो होतो. सुभद्रामावशी आत होती."

दगडू म्हणजे खानावळीतलं जुनं गिऱ्हाईक, रात्रपाळीचा विणकर. निवडणूक तोंडावर आली होती आणि तो हातात चुन्याची बादली घेऊन संयुक्त महाराष्ट्र समितीच्या घोषणा रंगवत भिंतींमागून भिंती पालथ्या घालत होता. कुशाबाने त्याला नाक्यावर गाठलं.

"तू राजाची मान पिरगाळीन म्हणाला होतास."

"म्हणालो होतो की! दिवसा झोपायला गेलं की हा बोंबलायचा." दगडूने उजवा हात पुढे केला. तर्जनीचा शेंडा गायब होता. "हा घास त्याने माझ्याकडून शेवटचा घेतलेला. त्यानंतर मी त्याला काय भरवणार, कुशाबा? मी जवळ गेलो की तो पिंजरा डोक्यावर घ्यायचा. काल तो एक शब्द बोलला नाय. विचार सगळ्यांना."

कुशाबा पिंजऱ्यापाशी परत आला. वाटीत भिजवलेली डाळ काठोकाठ होती. सुभद्राने सांगितलं की बाई गेल्यापासून राजा वाटीला शिवलाच नव्हता. हातावर धरलं तरच खायचा, आणि तेही ओळखीच्या हातावर. कालही तिने त्याला हातावरच भरवलं होतं.

वाटीत विष नव्हतं. कुणीतरी गोळी हातावर धरली होती, आणि राजाने ती विश्वासाने घेतली होती.

३

रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसल्यावर कुशाबाला बाणगंगेवरचा दहावा दिवस आठवला.

त्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. पिंड मांडून दोन तास झाले, ऊन चढलं, कावळा समोरच्या कठड्यावर मान वाकडी करून बसला आणि हलायला तयार नाही. बाईंचं मन कशात तरी अडकलंय, असं म्हणून जो तो पुढे होऊन त्यांना शब्द देऊ लागला. कुशाबा पाच पायऱ्या वर, बाजूला उभा होता. तिथे उभं राहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि खाली ये असंही कुणी म्हणालं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी त्याने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. कावळ्याकडे बघण्यात त्याला गम्य नव्हतं, म्हणून तो माणसांकडे बघत राहिला.

जगदीश म्हणाला, "आत्ये, खानावळ बंद पडू देणार नाही. सुभद्रामावशीला आईसारखी सांभाळीन." कावळा ढिम्म. दगडू म्हणाला, "मावशे, मुंबई महाराष्ट्राला मिळवल्याबिगर थांबणार नाय!" त्याही परिस्थितीत दोघेतिघे हसले. कावळा ढिम्मच. सुभद्राला रडण्यापुढे शब्द सुचेना.

शेवटी रघुअण्णा पुढे झाले. हे मंडळाचे प्रमुख, गिरणीतले निवृत्त जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. बाईंच्या नवऱ्याचे जुने मित्र म्हणून रोज संध्याकाळी पडवीत टेकायचे. त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. हात जोडून ते म्हणाले, "बकुळे, राजा जितो आसा तोपर्यंत सुभद्रेक ह्या घरातसून कोण हलवचो नाय. माझो शब्द."

आणि कावळा खाली उतरला.

परतताना ट्रामच्या थांब्यावर रघुअण्णांनी सहज विचारलं होतं, "कुशा, ह्या पाखरांचा आयुष्य किती असता रे?" कुशाबानेही सहजच सांगितलं होतं, "चांगलं सांभाळलं तर साठ-सत्तर वर्षं. राजा अजून चाळीस तरी काढेल." रघुअण्णा हसले होते, "म्हणजे आमका सगळ्यांका पोचवन मगे जातलो."

बाराव्याचं जेवण आटोपल्यावर कुशाबा लालबागला गेला. मंडळाचा गाळा म्हणजे दहा बाय पंधराची एक खोली. भिंतभर फळ्या, फळ्यांवर तीस पत्र्याच्या ट्रंका, खाली तीस वळकट्या. तीस पोरं पाळीपाळीने तिथे झोपत. दारावर घरमालकाची नोटीस चिकटवलेली होती: शिमग्यापर्यंत गाळा रिकामा करा.

"तुका आमच्या भानगडीत कित्याक पडाचा हा?" रघुअण्णांनी विचारलं. "पाखरू म्हातारा झालेला. मेला."

"म्हातारं नव्हतं, अण्णा. मी तुम्हाला सांगितलं होतं." कुशाबाने फळीकडे पाहिलं. तिथे उंदरांच्या गोळ्यांची पुडी उघडी पडली होती. "बाईंनी मृत्युपत्रात काय लिहिलं असेल, काही अंदाज?"

"माका काय माहीत? घर भाच्याक जातला. माझो काय संबंध?"

बोलताना रघुअण्णांनी एकदाही नोटिशीकडे पाहिलं नाही. कुशाबा बाहेर पडला आणि पहिल्यांदाच त्याला उद्याची भीती वाटली.

४

तेराव्याला पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुखटणकर वकिलांनी लाखेचं सील सगळ्यांना दाखवलं आणि मग फोडलं.

मजकूर छोटा होता. बाईंनी नवऱ्याची बोटीवरची पेटी जगदीशला दिली होती. पुढे लिहिलं होतं: "माझ्या दोन्ही खोल्या व खानावळ सुभद्रा शिवराम पालव हिने वापरावी आणि राजास आपल्याजवळ सांभाळावे. राजा जिवंत असेतोवर तिला कोणीही हलवू नये. राजाच्या पश्चात दोन्ही खोल्या आमच्या गावच्या मुंबईतील मंडळास द्याव्यात. राजाच्या हयातीचा दाखला दरमहा कुशाबा गमरे यांनी वकिलांकडे द्यावा."

पडवीत कुजबुज उठली. रघुअण्णांनी दोन्ही हात कानाला लावले. "अरे देवा! मंडळाक? माका ह्यातला काय एक ठावक नाय!"

"कायद्याने पाखराच्या नावे घर करता येत नाही," सुखटणकर म्हणाले. "सांभाळणाऱ्याच्या नावे करावं लागतं. मी म्हटलं, सरळ सुभद्राबाईंना देऊन टाका. पण नवरा मुंबईत आला तेव्हा मंडळाच्या गाळ्यात झोपला होता, ते उपकार त्यांना फेडायचे होते. आणि पाखरालाही कुणी वाऱ्यावर सोडू नये म्हणून त्यांनी ही तोड काढली. चाळीस वर्षांची सोय झाली असं त्यांना वाटलं होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढचं वाक्य बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"राजा परवा संध्याकाळपर्यंत होता. काल सकाळी मेला असं मी ऐकतो. तसं असेल तर सुभद्राबाईंचा हक्क काल सकाळी संपला."

सुभद्रा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. "म्हणजे माका आता खंय जावचा?" ती म्हणाली. साठीला आलेली बाई, गावी ना घर ना घोव. कुणालाच तिच्याकडे बघवेना.

५

"वकीलसाहेब, दोन मिनिटं बोलू?" कुशाबा उंबऱ्यातून म्हणाला.

"तू काय बोलतलंस?" रघुअण्णा उसळले. "आमच्या घरातली गोष्ट ही."

"बोला, गमरे," सुखटणकर म्हणाले. "बाईंनी तुमचं नाव लिहिलंय."

कुशाबाने घसा साफ केला. जनावरांपुढे त्याची जीभ सैल सुटायची, माणसांपुढे अडखळायची. आज अडखळली नाही.

"सगळे जगदीशवर खार खाऊन आहेत. त्याला वाटत होतं घर त्याचंच, मग पाखरू मारायचं कशाला? आणि मजकूर आधी कळला असता तर पाखरू मेल्यावरही आपल्याला काही मिळत नाही, हेही त्याला कळलं असतं. कसंही धरलं तरी त्याच्या पदरात काही पडत नाही. सुभद्राताईंचं तर छप्परच गेलं. राजा मेल्याने एका मंडळाचाच फायदा होता. पण ते ज्याला मृत्युपत्र उघडण्याआधी ठाऊक होतं, त्याच्याच डोक्यात मारण्याचा विचार येणार. आणि मारायचं तर कालच्या आत. आज मजकूर वाचल्यावर राजा मेला असता तर शेंबडं पोरही मंडळाकडे बोट दाखवणार."

"मंडळात मीपण आहे," दगडू म्हणाला.

"आहेस. पण बाई गेल्यापासून राजा हातावरूनच खात होता आणि तू जवळ गेलास की बोंबलायचा. परवा तो बोंबलला नाही. त्या संध्याकाळी पडवीत तिघे होते. जगदीशच्या हातचंही तो घ्यायचा नाही. मग ओळखीचा हात एकच उरला."

सगळ्यांच्या माना रघुअण्णांकडे वळल्या.

"अण्णा, तुम्हाला मजकूर ठाऊक नव्हता म्हणता," कुशाबा वळला. "मग बाणगंगेवर काय बोललात? जगदीशने सुभद्राताईंना सांभाळीन म्हटलं, सरळ माणूस म्हणेल तसं. तुम्ही म्हणालात, राजा जिवंत आहे तोवर तिला कुणी हलवणार नाही. तिचं राहणं पाखराच्या जिवाला बांधलंय, हे तेव्हा या कागदाशिवाय कुठेच नव्हतं. कावळा शिवेना, तुम्ही घाबरलात. बाईंना आपल्या मनातलं कळलंय असं तुम्हाला वाटलं, म्हणून त्यांची अट त्यांनाच परत बोलून दाखवलीत. आणि लगेच मला विचारलंत, पाखरू किती जगतं. मी मूर्खासारखं सांगितलं, चाळीस वर्षं."

रघुअण्णांनी मान वर केली. चेहऱ्यावर शरम नव्हती, नुसता थकवा होता.

"होय. मीच घातलंय. बकुळेनच माका सांगितल्यान होता, ती जिती असताना. शिमग्याक तीस पोरां रस्त्यार येतली. तेंका मी सांगू, चाळीस वर्सा थांबा, एक पाखरू मरूचा हा?" त्यांचा आवाज चढला. "आनि माझो शब्द मी मोडूक नाय! राजा जितो होतो तोपर्यंत तिका कोणी हलवल्यान? सांगा! मी शब्दाक जागलंय."

कुशाबाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा माणूस सारवासारव करत नव्हता, खोटंही बोलत नव्हता. कावळ्याला दिलेला शब्द पाळून त्याने गोळी हातावर धरली होती.

"पाखरू मारल्याचो दंड काय तो भरतंय," रघुअण्णा म्हणाले. "पन घर मंडळाचा. कागदार लिवलेला हा."

सुखटणकरांनी कुशाबाकडे असहायपणे पाहिलं. "कोर्टात भांडता येईल. पण वर्षं जातील, आणि कागद त्यांच्या बाजूचा आहे. गमरे, तुम्ही मृत्यूची तारीख लिहून द्या."

कुशाबा पुढे झाला. उंबऱ्याच्या आत, पडवीच्या मधोमध, वकिलांच्या समोर मांडी घालून बसला. टाक घेऊन त्याने कागदावर एक ओळ लिहिली आणि खाली सही केली.

सुखटणकरांनी ती मोठ्याने वाचली. "राजा नावाचा काकाकुवा आज रोजी हयात आहे."

"छातीत धुगधुगी होती," कुशाबा म्हणाला. "अर्धी गोळी त्याने टाकून दिली होती. लाल औषधाच्या पाण्याने मी त्याचा गळा धुतला, तीन वेळा. आज सकाळी डोळे उघडले त्याने. मेला असं मी कुणालाच म्हणालो नव्हतो. सगळे तसं धरून चालले, मी तसंच चालू दिलं. नाहीतर पुन्हा कुणी गोळी घातली असती."

सुभद्रा उठली. तिने कुशाबाच्या खांद्यावर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. "काल सगळो दिस मी रडलंय! माका तरी सांगूचा नाय? माका तरी!" ती मारत होती, रडत होती आणि मधेच हसतही होती. कुशाबाने मान खाली घालून सगळं सोसलं. तिच्याशी आपण वाईट वागलो, हे त्याला कळत होतं.

६

रघुअण्णा त्याच आठवड्यात गावी निघून गेले. शिमग्याला मंडळाचा गाळा गेला. तीस पोरं विखुरली. कुणी जिन्याखाली, कुणी गिरणीच्या फाटकाशी, कुणी फुटपाथवर पथाऱ्या टाकू लागली. जेवायला मात्र ती सुभद्राकडेच यायची.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला कुशाबा दाखल्यासाठी राजाला बघायला खानावळीत गेला. पडवीत दोन रांगांत पोरं जेवत होती. राजा दांडीवर बसला होता, अंगाने निम्मा झालेला, पण तुरा उभा. जेवता जेवता एकेक पोर मान वर करून त्याच्याकडे बघत होतं आणि पुन्हा भात कालवत होतं. आता सगळ्या परळला मृत्युपत्र तोंडपाठ होतं.

"कसो आसा ओ राजा?" एकाने अदबीने विचारलं.

"बरा आहे," कुशाबा म्हणाला. पोराला कोणतं उत्तर हवं होतं ते त्याला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पोरगं चांगलं होतं, थकलेलं होतं, आणि बाहेर निजून त्याला खोकला लागला होता.

तो आत गेला. सुभद्राने राजासाठी चपातीचा कुसकरा मळला होता. त्याचे तिने दोन भाग केले, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली.

"हे काय, सुभद्राताई?"

"अर्धो तास थांबतंय. माका काय झाला नाय तर तेका घालतंय. पानीपन तसाच." ती शांतपणे म्हणाली. "पीठ उघड्यार असता. कोनाचो हात कसो, माका काय ठावक?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तर राजा वाचात. तो वाचलो तर घर वाचला."

"पण मग घर कुणासाठी, ताई?"

अर्धा तास झाल्यावर सुभद्रा उठली आणि उरलेला कुसकरा तिने राजापुढे हातावर धरला.